लशीचे पैसे आणि लस पोचवण्याचे पैसे

मध्य प्रदेशात मंगळवार आणि शुक्रवार हे लसीकरणाचे वार. भोपाळच्या पिपलानीत, भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीच्या टाउनशिपला लागून असलेल्या वस्त्यांत, त्या दिवशी सकाळी एक माणूस सायकलला वॅक्सिन कॅरियर, म्हणजे लशींचा थंड डबा, अडकवून अंगणवाडीपाशी येतो. एएनएम, म्हणजे लस टोचणारी परिचारिका, टेबल मांडते. वस्तीतली आरोग्यसेविका आशा दीदी हातातल्या ड्यू लिस्टवर, म्हणजे लस द्यायची राहिलेल्या बाळांच्या यादीवर, बोट ठेवत घराघरांत हाका मारते. मी याच कामातला डॉक्टर. लसीकरणावर सरकार किती खर्च करते, असे मला पुष्कळदा विचारतात. तो पैसा वस्तीपर्यंत कधी पोचतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारते, आणि माझ्या मते सगळे त्यावरच अवलंबून आहे.

भेलचा भोपाळचा कारखाना 1956 मधला. त्याबरोबर वसाहत आली, शाळा आल्या, पुढे कस्तुरबा रुग्णालय आले. कारखान्यातल्या नोकऱ्यांमुळे आलेल्या मराठी कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आज इथे आहे. त्या घरांतल्या मुलांच्या आरोग्याचा खर्च कंपनीने आपला मानला. रस्त्यापलीकडच्या मजुराच्या बाळासाठी मात्र दिल्लीहून निघणारा सरकारी निधीचा हप्ता हाच आधार.

लस विकत घेण्याचे काम केंद्राचे, आणि ते बऱ्यापैकी चोख चालते. 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. आज तो दरवर्षी अडीच कोटींहून अधिक नवजात बाळांसाठी आहे. एवढ्या मोठ्या संख्येचा एकच ग्राहक असला की उत्पादकाला भाव खाली आणावा लागतो. खाजगी दवाखान्यात ज्या न्यूमोकोकल लशीसाठी पालक हजारो रुपये मोजतात, तीच अंगणवाडीत फुकट मिळते.

पण कुपी डेपोत आली म्हणजे बाळाला टोचली गेली, असे नाही. लस साठवण्याचा आयएलआर हा शीतकपाट चालू ठेवायला वीज, वीज गेली तर जनरेटरला डिझेल. कॅरियर नेणाऱ्याचे फेरीमागचे भाडे. पहिल्या वर्षाच्या सगळ्या लशी पूर्ण करून घेतल्या की आशाला एका बाळामागे शंभर रुपये. हा खर्च राष्ट्रीय आरोग्य अभियानातून होतो. त्यात मध्य प्रदेश किंवा महाराष्ट्रासारख्या राज्यांना केंद्राचे साठ टक्के, राज्याचे चाळीस. 2014-15 पासून केंद्राचा वाटा राज्याच्या कोषागारातून जातो. तिथून राज्याची आरोग्य सोसायटी, मग जिल्हा, मग ब्लॉक. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र लागते. हिशेब हवाच. पण एप्रिलच्या कामाचे पैसे दिवाळीनंतर आले तर मधले महिने ती आशा आपल्या पदरचे घालून फिरत असते.

वाया जाणाऱ्या लशीचेही असेच. गोवर-रुबेलाची कुपी पाच किंवा दहा डोसांची असते. पूड द्रवात मिसळली की चार तासांत वापरायची, उरलेली टाकायची. वस्तीत त्या दिवशी एकच बाळ आले तर? नियम स्पष्ट आहे: एका बाळासाठीही कुपी उघडा. मात्र वर 'वेस्टेज'चा आकडा विचारला जाणार या धास्तीने कोणी म्हणते, पुढच्या शुक्रवारी या. आई मजुरी बुडवून आलेली असते. पुढच्या शुक्रवारी ती येईलच असे नाही. टाकलेले चार डोस ही मी उधळपट्टी मानत नाही, ती त्या बाळाच्या संरक्षणाची किंमत आहे. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीला, भिवंडीला, मालेगावात गोवर उसळला आणि मुले दगावली. करोनाकाळात चुकलेल्या फेऱ्या तिथे उघड्या पडल्या.

महाराष्ट्रातल्या वाचकाला एक आकडा बोचेल, पण सांगायलाच हवा. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात पूर्ण लसीकरण झालेली मुले सुमारे 54 टक्के होती, महाराष्ट्रात सुमारे 56. पुढच्या सर्वेक्षणात मध्य प्रदेश 77 वर गेला, महाराष्ट्र 74 च्या आसपास थांबला. आपण ज्याला मागास म्हणत आलो ते राज्य पुढे गेले. याचे श्रेय एकाच योजनेला देता येणार नाही. तरी डिसेंबर 2014 पासूनच्या मिशन इंद्रधनुष या लसीकरण मोहिमेच्या फेऱ्यांना स्वतंत्र पैसा आणि रोजचा पाठपुरावा होता. वीटभट्टी, बांधकामाची जागा, नाल्याकाठच्या झोपड्या अशा सुटलेल्या जागांची यादी करून माणसे तिथे गेली, हे मी जवळून पाहिले आहे.

पैसा कोणी द्यायचा यावर घोळ झाला की काय होते, तेही 2021 मध्ये सगळ्यांनी पाहिले. अर्थसंकल्पात करोना लशीसाठी 35,000 कोटी ठेवलेले होते. तरी 1 मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांची लस राज्यांनी विकत घ्यावी असे ठरले. केंद्राला दीडशे रुपयांना मिळणारी कोविशील्ड राज्यांना आधी चारशे, मग तीनशे. एकरकमी चेक द्यायची महाराष्ट्राची तयारी होती, पण लसच नव्हती. राज्ये एकमेकांविरुद्ध बोली लावू लागली. 21 जूनपासून खरेदी पुन्हा केंद्राकडे आली. त्या दिवशी एकट्या मध्य प्रदेशात पंधरा लाखांहून अधिक डोस दिले गेले. आदल्या दिवशी नाममात्रच दिले होते, त्यामुळे त्या विक्रमाचा मला फारसा अभिमान नाही. एवढे मात्र दिसले की टोचणारे हात तयार होते.

बाहेरच्या मदतीवर विसंबण्याचे दिवसही सरत आले. पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची एकत्रित लस आपल्याकडे 2011 मध्ये केरळ आणि तमिळनाडूत आली ती गावी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या साहाय्याने. 2025 मध्ये अमेरिकेने गावीला पैसे देणे थांबवण्याची घोषणा केली. भारत आता स्वतःच गावीला देणगी देतो. ज्या देशातल्या कारखान्यांची लस निम्म्या जगात जाते, त्याला आपल्या वस्तीतल्या सायकलस्वाराचे भाडे वेळेवर देणे जड जाऊ नये.

माझी मागणी साधी आहे. लसीकरणाच्या चालू खर्चाचा पहिला हप्ता एप्रिलमध्येच ब्लॉकपर्यंत पोचावा, प्रमाणपत्रांची वाट न पाहता. आशाच्या मोबदल्याला पगारासारखी तारीख असावी. आणि वाचकांनो, फेब्रुवारीत अर्थसंकल्प आला की आरोग्याची तरतूद किती टक्क्यांनी वाढली यावर चर्चा जरूर करा, पण त्याआधी आपल्या भागातल्या आशाताईंना विचारा, मागचे पैसे कुठल्या महिन्यापर्यंतचे मिळाले? जे उत्तर मिळेल ते आपल्या नगरसेवकाला, आमदाराला नावानिशी पत्र लिहून कळवा.