त्रिकोणराव

एमआयएसचा, म्हणजे मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिमचा, पेपर असला की हे गृहस्थ हजर असतातच. प्रश्न माहिती प्रणालीच्या प्रकारांवर असो, निर्णयप्रक्रियेवर असो, नाहीतर नुसत्या 'टिपा लिहा' असोत. पोरं पट्टी-पेन्सिल काढतात आणि अर्ध्या मिनिटात त्रिकोणराव उत्तरपत्रिकेत उभे. दोन तिरप्या रेघा, खाली एक आडवी, पोटात आणखी दोन आडव्या. झाले तीन मजले. तळमजल्यावर रोजचे व्यवहार, मधल्यावर मॅनेजर मंडळी, टोकाला मालक. डाव्या अंगाने वर चढणारा बाण म्हणजे माहिती, उजव्या अंगाने उतरणारा बाण म्हणजे हुकूम.

जामनेरहून नेरीमार्गे एसटीने जळगावला बीबीएला येणाऱ्या पोरांचा त्यांच्यावर विशेष जीव आहे. पुस्तक इंग्रजी, पेपर इंग्रजी, वर्गात समजावणं मराठीत आणि मागच्या बाकावरचं बोलणं त्याहून वेगळं. या सगळ्या ओढाताणीत त्रिकोणरावांना भाषा लागत नाही. जावडेकरांचं एमआयएसवरचं जाडजूड पुस्तक ग्रंथालयातून आणलं तरी पोरं आधी आकृत्यांचीच पानं उघडतात. मजकूर विसरला तरी चालतो, त्रिकोण विसरत नाही.

घराणं मोठं आहे. हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट अँथनी यांनी 1965 साली नियोजन आणि नियंत्रणावर पुस्तक लिहिलं, त्यात या तीन पातळ्या मांडल्या. अँथनी मूळचे हिशेबाचे माणूस. त्याच वर्षी ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे हिशेब सांभाळायला गेले आणि 1968 पर्यंत तिथेच होते. अशा माणसाला जग मजल्यामजल्यांनी दिसलं तर नवल नाही. पुढे 1971 मध्ये एमआयटीच्या गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी हर्बर्ट सायमनचा विचार आणून जोडला: काही निर्णय ठरावीक साच्याचे, काहींना साचाच नसतो, काही अधलेमधले. तेव्हापासून आमचे त्रिकोणराव जगभरच्या वर्गांत ठाण मांडून आहेत.

वागण्यात ते टापटिपीचे. तळाशी ढीगभर नोंदी, वर जाता जाता त्यांची बेरीज, आणि टोकापर्यंत पोचतो तो एखादाच आकडा. हे त्यांचं तत्त्व बरोबर आहे आणि ते जामनेरला बघायला मिळतं.

दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. गाडी भरलेली काट्यावर चढते, वजन होतं. कापूस खाली झाला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर. दोन वजनांतला फरक पावतीवर छापला जातो. मधल्या वेळात ग्रेडर ढिगात हात घालतो, ओलावा मोजायचं यंत्र खुपसतो. सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, खरेदी असेल तर आठ टक्क्यांपर्यंत ठीक, बारापर्यंत भावात कपात, त्यावर गेला की माल परत. ही पावती म्हणजे त्रिकोणरावांचा तळमजला. दिवसभरात अशा पावत्यांची गड्डी होते आणि संध्याकाळी मुनीमजी ती टॅलीत चढवतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने प्रोजेक्टसाठी अशाच एका जिनिंगमध्ये बसून रोजचा तक्ता केला: आवक, रुई, सरकी, घट, गाठी, उतारा. शेठजींनी सगळे रकाने सोडले आणि शेवटच्यावर बोट ठेवलं. उतारा म्हणजे शंभर किलो कापसातून निघालेली रुई, साधारण 33 ते 35 किलो. हजार क्विंटल आवकेच्या दिवशी उतारा एका टक्क्याने घसरला तर दहा क्विंटल रुई कमी, म्हणजे 170 किलोच्या जवळजवळ सहा गाठी गेल्या. मालकाला एवढंच पुरतं. रसेल अ‍ॅकॉफ यांनी 1967 मध्येच बजावलं होतं की व्यवस्थापकाला माहिती कमी पडते त्याहून मोठं दुखणं म्हणजे नको ती माहिती फार होते. त्या दिवशी त्रिकोणराव पैकीच्या पैकी मार्क मिळवून गेले असते.

पण उतारा का घसरला, हे तक्त्यात नव्हतं. ते गाडी खाली करणाऱ्या हमालाला माहीत होतं. "फरदडचा माल आहे भाऊ, कवडी निघते," तो हातातली मूठ उघडून म्हणाला. फरदड म्हणजे हंगामानंतर ठेवलेल्या झाडांचा कापूस, कवडी म्हणजे त्यातला किडका, डागाळलेला माल. मूठ उघडून दाखवायला त्रिकोणरावांकडे रकाना नाही.

शेठजींनाही ते फारसे पटले नाहीत. आकृती बघून त्यांनी विचारलं, "हे वरचं टोक माझंच ना बेटा? मग मी दिवसभर काट्यापाशी काय करून राहिलो?" खरंच, प्लास्टिकच्या खुर्चीवर, फोन कानाला लावून, ते तळमजल्यावरच बसलेले असतात. मधल्या मजल्यावर मुनीमजी एकटे. घरच्या धंद्यात तिन्ही मजल्यांवर एकच माणूस चढउतार करतो.

माझा आक्षेप मात्र याहून निराळा आहे. शेठजींच्या कानाला लागलेल्या फोनवर काट्याची बातमी नसते. ती समोरच दिसते. फोनवर असतो रुईच्या खंडीचा, म्हणजे घाऊक मापाचा, भाव, सरकीचा भाव, वायदा, खेडा खरेदीवाला कुठल्या गावात काय दराने उचलतोय ते. गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांच्या लेखात एक तक्ता आहे. त्यात स्वच्छ लिहिलंय की खालच्या पातळीची माहिती आतली, तपशिलाची, ताजी आणि अचूक. वरच्या पातळीची मोघम, पुढच्या काळाची आणि मुख्यतः बाहेरची. तो तक्ता पाठ्यपुस्तकांतही उतरला. पण आकृतीतला बाण तळातूनच वर जातो. आकृती पाठ होते, तक्ता राहून जातो. त्रिकोणरावांच्या तिन्ही भिंती बंद आहेत, खिडकी एकही नाही, आणि टोकावरच्या माणसाला लागणारी बातमी तर मुख्यतः बाहेरून येते.

जामनेर तालुक्यातल्या पोरांना हे शिकवायला लागू नये. अर्ध्या घरांत भावाची वाट बघत कापूस भरलेला असतो. त्याच खोलीत झोपून, अंगाला खाज सुटत, पोरगं एमआयएस वाचतं. आज विकायचा की संक्रांतीपर्यंत थांबायचं, हा सायमनसाहेबांचा बिनसाच्याचा निर्णय वडील दारात बसून घेत असतात. किती क्विंटल घरात आहे, ते ठाऊक आहे. उरलेलं सगळं बाहेरचं आहे, आणि रोज बदलतं.

तक्ता करणाऱ्या त्या मुलीने प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर त्रिकोण काढला, दोन्ही बाण काढले आणि तिसरा एक वाकडा बाण बाहेरून थेट टोकावर आणून टेकवला. बाजूला लिहिलं: खंडीचा भाव. मग मला विचारलं, "सर, परीक्षेत हा काढला तर चालेल?"

"काढ," मी म्हटलं, "पण आधी पुस्तकातले दोन काढ. तपासणारा जामनेरचा असेलच असं नाही."