छातीतली जळजळ आणि ऑलिव्हची बाटली

छातीत जळजळतं म्हणून येणारा माणूस पूर्वी विचारायचा, "डॉक्टरसाहेब, काय खाऊ नको ते सांगा." आता तो, किंवा त्याचा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा, विचारतो, "ऑलिव्ह तेल चालू करू का?" मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओत कुणीतरी सांगितलेलं असतं, की सकाळी अनशापोटी दोन चमचे ऑलिव्ह तेल घ्या, पित्त मुळापासून जातं. मी पोटविकारांचा डॉक्टर. गेवराई तालुक्यातलं उमापूर आणि तिथून शेवगावच्या दिशेला लागणारी गावं हा माझ्या बऱ्याच रुग्णांचा मुलूख. तिथल्या किराणा दुकानातही आता मागणी केली तर ही हिरवट बाटली मिळते, म्हणून या प्रश्नाचं सविस्तर उत्तर लिहायला घेतलं.

आधी निकाल सांगतो. ऑलिव्हचं तेल चांगलं आहे, पण ते जळजळीवरचं औषध नाही. दुसऱ्या तेलाच्या जागी, मोजून वापरलं तर चालेल. आहे त्या तेलात भर म्हणून घेतलं तर त्रास वाढण्याचीच शक्यता जास्त.

असं का, हे समजायला पोटाची रचना थोडी पाहावी लागेल. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे तीन-चार सेंटिमीटर लांबीचा एक स्नायूंचा पट्टा असतो. घास गिळला की तो सैल पडतो आणि लगेच आवळतो. जठर रोज दीड-दोन लिटर आम्लरस तयार करतं. त्याच्या स्वतःच्या आतल्या अस्तराला तो रस सोसतो, अन्ननलिकेच्या अस्तराला सोसत नाही. पट्टा अवेळी सैल पडला की आंबट पाणी वर चढतं, छातीच्या मधोमध आग होते, घशाशी येतं. बहुतेकांच्या बाबतीत आम्ल जास्त झालेलं नसतं, ते नको तिथे गेलेलं असतं. जठर गच्च भरून ताणलं गेलं की हा पट्टा वरचेवर सैल पडतो. तोंड न बांधलेलं पोतं आडवं केलं की जे होतं, तेच भरल्या पोटी आडवं होणाऱ्याचं होतं.

इथे तेलाचा संबंध येतो. अन्नातला स्निग्ध भाग लहान आतड्यात उतरला की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं. शिकागोच्या आयव्ही आणि ओल्डबर्ग या संशोधकांनी १९२८ मध्ये त्याचा शोध लावला. ते पित्ताशय आकुंचित करतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि त्या पट्ट्याचा जोरही कमी करतं. हे संप्रेरक तेलाची जात विचारत नाही. शेंगदाण्याचं असो, सोयाबीनचं असो, साजूक तूप असो किंवा स्पेनहून आलेलं ऑलिव्ह असो, एका ग्रॅमला नऊ कॅलरी आणि जठराला तेवढाच उशीर. त्यामुळे अनशापोटी घेतलेल्या दोन चमच्यांनी पट्टा घट्ट होईल याला शरीरशास्त्रात काही आधार नाही.

मग ऑलिव्हचं एवढं नाव का? ते हृदयविकाराच्या अभ्यासांतून आलं. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत हृदयविकार कमी का, याचा शोध अन्सेल कीज यांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून घेतला. पुढे स्पेनमधल्या मोठ्या चाचणीने ऑलिव्ह तेल किंवा सुकामेव्यासह घेतलेल्या तिथल्या आहाराचा फायदा दाखवला. जळजळीच्या बाबतीत पुरावा तोकडा आहे. न्यूयॉर्कमधल्या झाल्व्हन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये घशापर्यंत आम्ल येणाऱ्या रुग्णांचे जुने कागद तपासले. ८५ जणांना आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या होत्या, ९९ जणांना बहुतांशी वनस्पतिजन्य भूमध्यसागरी आहार आणि अल्कलाइन पाणी. ठरावीक मोजमापाने सुधारणा झालेले रुग्ण पहिल्या गटात ५४.१ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ६२.६ टक्के. म्हणजे आहाराने गोळ्यांच्या बरोबरीचा उतार दिला. पण त्या ताटात भाज्या होत्या, फळं होती, कडधान्यं होती, मांस आणि दूधदुभतं अगदी कमी होतं. श्रेय एकट्या तेलाला देता येत नाही.

मला जास्त उपयोगी वाटतो तो २००७ मधला फॉक्स यांचा छोटा प्रयोग. त्यांनी रुग्णांना कधी जास्त स्निग्ध, कधी कमी स्निग्ध, कधी जास्त कॅलरीचं, कधी कमी कॅलरीचं जेवण देऊन अन्ननलिकेतलं आम्ल मोजलं. आम्ल वर चढण्याचं प्रमाण वाढलं ते एकूण कॅलरी वाढल्यावर. स्निग्ध पदार्थ वाढवल्यावर आम्ल तेवढंच राहिलं, पण जळजळ जास्त वेळा जाणवली. यातून माझ्या रुग्णांसाठी मी एवढंच काढतो, की पोट किती भरलं हे आधी बघा, तेल किती पडलं हे त्यानंतर आणि तेल कोणतं हे सगळ्यात शेवटी.

शेवटच्या या प्रश्नाकडेही जरा बघू, कारण मराठवाड्याला तेलाची अक्कल बाहेरून आणावी लागावी अशी आपली स्थिती कधीच नव्हती. ऑलिव्हची थोरवी ओलेइक आम्लावर आहे, ते त्यात ५५ ते ८३ टक्के असतं. आपल्या शेंगदाणा तेलात ते साधारण ४० ते ५० टक्के असतं. जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेने काढलेल्या गिरनार ४ आणि गिरनार ५ या वाणांत तर ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ऑलिव्हच्या तोडीचं. करडई ही मराठवाड्याची जुनी ओळख. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण दिले, आणि सोयाबीन शेतात येईपर्यंत रब्बीत ज्वारीच्या पट्ट्यांशेजारी काटेरी करडई हमखास दिसायची. नेहमीच्या करडई तेलात लिनोलेइक आम्ल सुमारे ७५ टक्के. कोलेस्टेरॉलसाठी ते चांगलं, पण सतत तापवलं तर लवकर खराब होतं. राजस्थान सरकारने २००७ पासून इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हची झाडं लावली आणि बिकानेरजवळ लूणकरणसरला गाळप सुरू केलं, तरी आपल्याकडे मिळणारं बहुतेक तेल परदेशातूनच येतं. म्हणून त्याची किंमत शेंगदाणा तेलाच्या कित्येक पट असते. ज्याला ती परवडत नाही त्याने कर्ज काढून जळजळ बरी होईल असं समजू नये.

ज्याला परवडतं आणि चव आवडते, त्याने कसं वापरावं? बाटलीवर 'एक्स्ट्रा व्हर्जिन' लिहिलेलं आहे का ते बघावं. 'पोमेस' लिहिलं असेल तर ते चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध केलेलं तेल असतं, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. 'ॲसिडिटी ०.८ टक्क्यांपेक्षा कमी' असं छापलेलं असतं ते तेलातल्या सुट्या मेदाम्लांचं माप आहे, आपल्या पोटाशी त्याचा संबंध नाही. फोडणीला ते चालतं, पण तळणासाठी वापरणं म्हणजे पैसा जाळणं. उत्तम वापर कच्चाच. आपल्याकडे भाकरीवर चटणी घेऊन तिच्यात कच्चं तेल ओततात, ती रीत त्याला चपखल बसते. फक्त धार लावायची नाही, चहाच्या चमच्याने एक चमचा. आणि तेवढं तेल दिवसभरात दुसरीकडे कमी करायचं.

किती तेल म्हणजे योग्य? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या ताटात तेल-तूप सुमारे २७ ग्रॅम धरलं आहे, म्हणजे माणशी रोजचे चहाचे सहा चमचे. घरात कोणी चमचे मोजत बसत नाही, म्हणून मी डब्याचा हिशेब सांगतो. पाच माणसांच्या घरात १५ किलोचा डबा साडेतीन महिने पुरला पाहिजे. दीड-दोन महिन्यांत तळ दिसत असेल तर प्रश्न तेलाच्या जातीचा नाही. अंगमेहनत करणाऱ्याला कॅलरी जास्त लागतात हे खरं, पण त्या भाकरी, डाळ आणि शेंगदाण्यातून मिळाव्यात. भाजीवरच्या तवंगातून नकोत.

आता ताटाबाहेरचं. उमापूरच्या परिसरातले अनेक जण दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. उचल घेतलेली असते, कोपीत संसार मांडलेला असतो. पहाटे अंधारात बाई उठून भाकरी थापते, घाईत चार घास पोटात जातात आणि दोघं फडात वाकतात. भरल्या पोटी तासन्‌तास वाकायचं, मग मोळी डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. पोटावरचा हा दाब पट्ट्याला झेपत नाही. रात्री गाडी भरून परतल्यावर उशिरा एकदमच पोटभर जेवण आणि लगेच अंथरूण. गावात राहिलेल्या शेतकऱ्याचंही वेगळं नाही. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीला असली की दारं धरून आल्यावर मध्यरात्री जेवण होतं. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतली जाते, ती जठराच्या अस्तराला जखमा करते. त्यात तंबाखू, गुटखा, बायकांची मशेरी. निकोटिन पट्टा सैल करतं. या सगळ्यावर ऑलिव्हचा चमचा काय करणार?

अशा आयुष्यात सांगता येण्याजोगे बदल मी सांगतो. कामाला वाकण्याआधी अर्धीच भाकरी खावी, उरलेली न्याहारी मधल्या सुट्टीत. रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. ते जमणार नसेल तर मोठं जेवण दुपारी उरकून रात्री हलकं खावं. पलंग असेल तर डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून सहा ते आठ इंच उंची द्यावी. जमिनीवर झोपणाऱ्याने वाकळा घडी करून कमरेपासून डोक्यापर्यंत उतार करावा. नुसती उशी वाढवली तर मान मुडपते आणि पोटावर दाब येतो. डाव्या कुशीवर झोपावं. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं, की डाव्या कुशीवर अन्ननलिकेत आलेलं आम्ल लवकर खाली उतरतं. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याइतका खात्रीचा घरगुती उपाय दुसरा नाही. मशेरी सोडा हे मी प्रत्येक बाईला सांगतो, आणि तिच्या नवऱ्यालाही तंबाखूची पुडी खिशातून काढायला लावतो.

ठेच्याबद्दल मला सगळेच घाबरत विचारतात. तिखट सरसकट बंद करा असं मी म्हणत नाही. मिरची, चहा, टोमॅटो, कांदा, लिंबू यांचा त्रास प्रत्येकाला सारखा होत नाही. एकेक पदार्थ दोन आठवडे सोडून बघावा, फरक पडला तरच कायमचा कमी करावा. पण ठेचा तेलात तरंगत असेल, तर मिरचीला शिव्या देण्याआधी त्या तेलाकडे बघा.

औषधांचंही थोडकं सांगायला हवं, कारण 'गॅसची गोळी' आपल्याकडे चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जाते. पॅन्टोप्रेझोल किंवा ओमेप्रेझोल जळजळ सुरू झाल्यावर नाही, सकाळच्या खाण्याआधी अर्धा तास घ्यायचं असतं, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतं. गिळताना घास अडकणं, वजन आपोआप उतरणं, उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौच, अंगातलं रक्त कमी होणं, यांतलं एकही लक्षण असेल तर गोळ्या घेत बसू नका, दुर्बिणीची तपासणी करून घ्या. छातीतल्या आगीसोबत घाम सुटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, धाप लागली, तर ते पित्त समजून इनो पीत बसू नये. आधी ईसीजी.

हा अंक हातात पडेल तेव्हा घरोघरी फराळाचे डबे भरलेले असतील. चकली, शेव, करंजी, अनारसे, सगळं तळलेलं. सणाला कोणाचं तोंड बांधावं असं मला वाटत नाही. जळजळीचा त्रास असणाऱ्याने फराळ सकाळी किंवा दुपारी, जेवणाऐवजी खावा, जेवणानंतर वर म्हणून नको. रात्री उशिरा तर मुळीच नको. एकदा तळलेलं तेल पुन्हापुन्हा तळणाला वापरू नका. यंदा कोणी ऑलिव्हची बाटली भेट दिली तर जरूर वापरा, पण तिचा पहिला चमचा घालण्याआधी घरातल्या डब्यातला एक चमचा कमी करा. आणि बाटली विकत घ्यायचं मनात असेल तर आधी महिनाभर रात्रीचं जेवण लवकर आणि निम्मं करून बघा. बऱ्याच जणांना त्यानंतर बाटलीची गरज वाटणार नाही.