सँटोरिनीला पाणी कुठून येतं?

बसवकल्याण भागात मार्च सरला की भेटणारा माणूस आधी बोअरची चौकशी करतो. ‘पाणी हाय का?’ लेकराबाळांची विचारपूस त्यानंतर. म्युनिकला नोकरी करणाऱ्या लेकीनं जुलैत आम्हा दोघांना ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर नेलं, तेव्हा बोटीतून उतरल्या उतरल्या मी जावयांना विचारलं, “इथं नदी कुठल्या बाजूला आहे?” ते हसून म्हणाले, “आई, इथं नदी नाही. ओढासुद्धा नाही.” तेव्हापासून माझं अर्धं लक्ष समुद्राकडे आणि अर्धं या बेटाच्या पाण्याकडे राहिलं.

अथेन्सजवळच्या पिरिअस बंदरातून मोठ्या बोटीनं यायला सात-आठ तास लागतात. उन्हाळ्यात या समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. त्यानं बोट अशी हलली की यांनी अर्धा प्रवास डोळे मिटूनच केला. मग एकदम समोर शेकडो फूट उंच कडा उभा राहिला. काळे, तांबडे, राखी थर आणि अगदी वर पांढऱ्या घरांची रांग. ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकाच्या आसपास इथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. आपण उभे असतो ते त्या खड्ड्याच्या काठावर. आमची काळी रानंही लाव्ह्यातूनच झालेली. फक्त तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, थंड होऊन गुपचूप माती झालेला. इथला अजून पुरता निजलेला नाही.

फोटोत दिसतं ते इया गाव बघायला आम्ही संध्याकाळी गेलो. गल्ल्या दोन माणसांच्या रुंदीच्या आणि माणसं जत्रेची. बेटावर राहणारे जेमतेम पंधरा-सोळा हजार, आणि वर्षाला येणारे तीस लाखांच्या वर. आता क्रूझ जहाजांतून दिवसाला 8,000 पेक्षा जास्त प्रवासी येऊ नयेत अशी मर्यादा घातली आहे, आणि 2025 च्या जुलैपासून भर हंगामात अशा प्रत्येक प्रवाशाकडून 20 युरो कर घेतात. तरी पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्य बुडाला तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मे महिन्यात आमच्याकडेही सूर्य बुडाला की बरं वाटतं, पण टाळ्या कुणी वाजवत नाही.

आम्ही उतरलो होतो ते आतल्या बाजूला, पिरगोस गावाजवळ. घराच्या मालकीणबाईंशी लेक इंग्रजीत बोलायची आणि मला मराठीत सांगायची. पाण्याचं मी विचारल्यावर त्यांनी अंगणातली एक झडप उघडून दाखवली. खाली हौद. जुन्या घरांची छतं आणि अंगणं अशा उताराची, की हिवाळ्यात पडणारा पाऊस सगळा त्या हौदात उतरावा. वर्षाचा पाऊस आमच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. बीदरजवळ नौबादला बहामनी काळात जांभा फोडून जमिनीखालून पाणी नेलेलं आहे, ती करेझ मी पाहिलेली. दोन्हीकडचे लोक भेटले असते तर त्यांचं छान जमलं असतं. आता हौद बहुतेक नावाला उरलेत. समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात, प्यायला बाटली विकत घ्यायची. आणि कड्यावरच्या हॉटेलांत खोलीगणिक पोहायचे हौद! समोर एवढा समुद्र असताना हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

यांचं मन रमलं ते द्राक्षाच्या रानात. सांगलीकडे, विजापूरकडे मांडवावर चढवलेला वेल आपण बघतो. इथे मांडव नाही, खांब नाही, ठिबकही नाही. घागरीखाली ठेवायच्या चुंबळीसारखा वेल जमिनीलगत गोल वळवलेला आणि घड त्याच्या आत, वाऱ्यापासून लपलेले. रात्रीचं धुकं आणि दव तिथली सच्छिद्र राखेची माती शोषून ठेवते, त्यावर वेल जगतो. पाणी न देता! हे उकिडवे बसून माती चोळत राहिले, उठेचनात. काही मुळं शंभर वर्षांहून जुनी आहेत म्हणे. पण हॉटेलं वाढली तशी ही रानं कमी होत चालली आहेत.

जेवायला फावा मिळाला. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. ही डाळ विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातली. जास्त खाल्ल्यानं पाय लुळे पडतात म्हणून आपल्याकडे 1961 मध्ये लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. इथे तिची बहीण मानानं पानात. मी बरोबर नेलेली शेंगाची चटणी तिच्याबरोबर फार छान लागली.

हीच डाळ आक्रोतिरीच्या उत्खननातही सापडली आहे. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी 1967 मध्ये राखेखालचं हे गाव खणायला घेतलं. दुमजली-तिमजली घरं, फरसबंद रस्ते, खालून गटारं, आणि धान्याचे रांजण जागच्या जागी. माणसांचे सांगाडे मात्र मिळाले नाहीत. आधीच्या भूकंपांनी सावध होऊन लोक निघून गेले असावेत.

ते पाहून आल्यावर मालकीणबाईंनी 1956 च्या जुलैमधल्या भूकंपाच्या घरात ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. पन्नासच्या वर माणसं गेली, पुष्कळ कुटुंबं अथेन्सला गेली ती परतलीच नाहीत. त्यांनी सोडलेली, राखेच्या कड्यात कोरलेली गरिबांची घरं आज सगळ्यात महागड्या खोल्या झाल्या आहेत. 2025 च्या फेब्रुवारीत पुन्हा हादरे सुरू झाले आणि अकरा हजारांवर लोकांनी बेट सोडलं. मी लेकीला म्हटलं, यांना किल्लारी सांग. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारी आमच्यापासून लांब नाही. त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही अंगणातच झोपलो होतो. मालकीणबाईंनी माझा हात धरला. फेब्रुवारीत त्याही गाडीत झोपल्या होत्या.

कुणी जाणार असेल तर जुलै-ऑगस्ट टाळा. मे किंवा सप्टेंबरची अखेर बघा. इयात न राहता आतल्या गावात राहा. जुन्या बंदरावरून वर यायला पाळण्याची गाडी आहे, खेचरावर बसू नका. आक्रोतिरी दारं उघडताच गाठा, दहानंतर बसगाड्या येतात. आणि हॉटेलवाल्यांनी चार टॉवेल ठेवले तरी एकच वापरा. ते धुवायचं पाणी त्यांनी समुद्रातून काढलेलं असतं.