वीस महिन्यांचे किलोमीटर

संगमनेर, राहाता, अकोले या पट्ट्यात दूध संकलन केंद्रांवर बल्क कूलर असतात. त्यांची दुरुस्ती हा माझा धंदा. राहायला नगरमध्ये, सावेडीला. कूलर बंद पडला तरी गोठ्यातलं दूध काही थांबत नाही, त्यामुळे फोन आला की निघावंच लागतं. आज राजूर, तर उद्या पार दुसऱ्या टोकाला जामखेडजवळचं खर्डा. क्षेत्रफळात हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, 17,048 चौरस किलोमीटर, 14 तालुके. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण किलोमीटरचं आहे.

पुण्याच्या एका कंपनीकडून मी कार लीजवर घेतली होती. मुदत 36 महिने, भाडं महिन्याला 21,500 रुपये, विमा आणि सर्व्हिसिंग त्यांच्याकडे. वर्षाला 18,000 किलोमीटरची मर्यादा आणि त्यावरच्या प्रत्येक किलोमीटरला 9 रुपये. यापेक्षा मोठी मर्यादा त्यांच्याकडे नव्हतीच. शहरात घर ते ऑफिस करणाऱ्याला ती भरपूर होते. माझी गाडी ती ओलांडणार हे मला ठाऊक होतं आणि तो जादा खर्च मी धंद्याच्या हिशोबात धरलेला होता.

वीस महिन्यांनी काम वाढलं. कॉम्प्रेसर, गॅसचे सिलिंडर, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी हे सगळं कारमध्ये बसेना. पिकअप घ्यायचं ठरलं आणि कार मुदतीआधी परत केली. वाघोलीजवळच्या त्यांच्या यार्डात एका पोराने दारं, काचा, टायर तपासले, मोबाइलवर मीटरचा फोटो काढला आणि माझी सही घेतली. मीटरवर आकडा होता 37,400.

आठवड्याभरात मेलवर बिल आलं. मुदतपूर्व समाप्तीचे तीन महिन्यांचं भाडं, 64,500 रुपये. जादा किलोमीटर 19,400, त्याचे 1,74,600 रुपये. 37,400 मधून त्यांनी फक्त 18,000 वजा केले होते.

फोन केला. पलीकडची मुलगी अदबीने बोलत होती. म्हणाली, ‘‘सर, मर्यादा वर्षाची आहे. तुमचं दुसरं वर्ष पूर्ण झालं नाही, म्हणून त्या वर्षाचे किलोमीटर सिस्टिम धरत नाही.’’

‘‘ताई, मग त्या आठ महिन्यांचं भाडं सिस्टिमने कसं धरलं?’’

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि वरच्या साहेबांकडेही नव्हतं. मला राग आला तो याचा. आठ महिने दर पाच तारखेला खात्यातून पूर्ण पैसे कापले गेले होते. त्या पैशांत विमा होता, सर्व्हिसिंग होतं, तसेच महिन्याचे दीड हजार किलोमीटरही होते. पैसे घेतल्यावर त्यातला एकच भाग मागे कसा घेता येईल?

वडिलांचे एक स्नेही नगरच्या कोर्टात वकिली करतात. काकांनी करार दोनदा वाचला. म्हणाले, ‘‘अरे, वर्ष अर्धवट राहिलं तर किलोमीटर बुडतात, असं यात कुठेच लिहिलेलं नाही. हिशोब लेखी माग, आणि तो येईपर्यंत रुपया भरू नकोस.’’ मग त्यांनी 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 74 समजावून सांगितलं. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप पूर्ण वसूल होत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, तीही त्या आकड्याच्या आत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, पुण्या-मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फीसुद्धा नाही. गाडी धंद्याला वापरली ही माझी धाकधूक होती. पण स्वतःच्या रोजगारासाठी, पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल, तर कायदा त्या माणसाला ग्राहकच मानतो.

घरी येऊन कागदांची पिशवी उपसली. गाडी ताब्यात घेतानाचं पत्रक सापडलं. त्यावर त्यांच्याच माणसाने निळ्या पेनाने मीटरचा आकडा लिहिला होता, 212. म्हणजे माझ्याकडे येण्याआधीचे किलोमीटरही माझ्याच नावावर टाकले होते.

पत्र मी मराठीतच लिहिलं, काकांनी कायद्याची कलमं घातली. वीस महिन्यांचे 30,000 किलोमीटर, सुरुवातीचे 212 वजा, जादा धावली 7,188. त्याचे 64,692 रुपये मी देणं लागतो आणि देतो. बाकीचे का द्यायचे ते करारातलं कलम दाखवून सांगा. तीन महिन्यांच्या भाड्याबद्दलही विचारलं: गाडी पुढे दुसऱ्याला भाड्याने दिली की विकली, त्यात तुमचं नुकसान किती झालं? पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं, प्रत मेलवर.

उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा किलोमीटरचा माझा आकडा त्यांनी जसाच्या तसा मान्य केला होता. नुकसानीचा हिशोब मात्र दिलाच नाही. तीन महिन्यांचं भाडं तेवढं एका महिन्यावर आणलं. मला तेही पटलेलं नव्हतं, पण 21,500 रुपयांसाठी हंगामात तारखा करणं परवडणारं नव्हतं. यापुढे काही येणं नाही असं पत्र देण्याचं आधी लेखी घेतलं, डिपॉझिट वळतं करून उरलेली रक्कम भरली.

पिकअप मग बँकेच्या कर्जावरच घेतली. व्याजदर स्थिर आहे, त्यामुळे कर्ज लवकर फेडलं तर आकार लागणार, तो किती हे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये लिहिलेलं आहे. गाडी माझ्या नावावर, आर.सी.वर बँकेचा बोजा. कर्ज फिटलं की एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत बोजा उतरवायचा. गाडी किती धावली ते कोणी विचारत नाही.

परवा राहुरीच्या एका ओळखीच्या मेकॅनिकने त्याच कंपनीचा करार दाखवायला आणला. मर्यादेचं वाक्य तसंच आहे, एक शब्द बदललेला नाही. ‘गाडी मुदतीआधी परत केल्यास मर्यादा महिन्यांच्या प्रमाणात मोजावी’ असं आम्ही दोघांनी त्याखाली पेनाने लिहिलं आणि कंपनीची सही मागितली आहे. सही होऊन येईपर्यंत तो गाडी घेणार नाही.