केव्हा पडले ते विचारा!

आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो; गुलमर्गचे बर्फ मात्र भूमध्य समुद्राकडून निघालेल्या वादळांबरोबर येते. पीरपंजालने ढग अडवले, की हिमवृष्टी सुरू! स्कीइंग करणारे हौशी लोक तिचीच वाट पाहतात. २०२४ च्या जानेवारीत मात्र जवळजवळ सारा महिना तिथले उतार उघडेबोडके होते. बर्फ आले ते महिनाअखेरीस.

पुढे मी तिथे गेलो, तेव्हा स्लेज ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारले, "यंदा बर्फ किती पडले?"

"साहेब, केव्हा पडले ते विचारा," तो म्हणाला.

२१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांतले, म्हणजे 'चिल्लई कलान'चे, बर्फ गोठून टिकते. उशिराचे भराभर वितळते. पाहुण्यांची सहल कोणत्याही बर्फावर होते. खाली त्याच्या भातशेतीला उन्हाळ्यात पाणी लागते, ते मात्र टिकलेल्या बर्फाचे.