पत्ता नसलेल्यांचा दाखला

रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरात सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक मानला जातो. साडेनऊशे वर्षांपूर्वी इथल्या माणसांना वाटलं, की बोललेलं वाऱ्यावर जातं, म्हणून ते नावानिशी तांब्यावर कोरून ठेवलं पाहिजे. लिहून ठेवण्याचं मोल या किनाऱ्याला इतकं जुनं ठाऊक आहे. पण सुपारीच्या वाड्या मागे टाकून डोंगराकडे निघालं, की श्रीवर्धन तालुक्यात ज्या कातकरी वाड्या लागतात, तिथल्या कितीतरी माणसांचं नाव आजही कुठल्याच कागदावर धड उतरलेलं नाही. या विचाराने मला बरेचदा अस्वस्थ व्हायला होतं.

बेघर म्हटलं की आपल्याला शहरातला फलाट आठवतो, पुलाखालचा संसार आठवतो. रायगडातलं बेघरपण पटकन दिसत नाही, कारण कातकऱ्याला घर असतं. कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं, दारात दोन कोंबड्या असलेलं. फक्त ते ज्या जागेवर उभं असतं ती त्याची नसते. कुठे ती वनखात्याची असते, कुठे खासगी मालकाची. मालक पिढ्यान् पिढ्या काही बोलत नाही. पण कोकणातल्या जमिनीला भाव आला, सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढला, की आजोबांपासूनची वाडी एका दिवसात अतिक्रमण ठरू शकते.

खैरापासून कात काढणारे ते कातकरी. इंग्रजांच्या वनकायद्यांनी जंगलाला कुलूप लावलं आणि कात गेला. मग कोळशाच्या भट्ट्या आल्या, त्यानंतर वीटभट्ट्या. दसरा-दिवाळी सरली की उचल घेतलेली कुटुंबं पोराबाळांसह भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मधले सहा-सात महिने मुक्काम भट्टीशेजारच्या खोपटात. या काळात रेशन दुकानदाराला ती सापडत नाहीत, शाळेला सापडत नाहीत, याद्या करणाऱ्यांना सापडत नाहीत. आदिवासी जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याचे आजोबा शाळेत गेले नाहीत आणि ज्यांच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती, त्याने तो आणायचा कुठून? कागद नसेल तर जागेवर जाऊन चौकशी करता येते. पण त्यासाठी कुणीतरी जागेवर जावं लागतं.

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं. नारळ-पोफळी आडव्या झाल्या. लावल्यापासून सात-आठ वर्षांनी जे झाड हाताशी येतं, ते काही तासांत जमिनीवर आलेलं पाहणं काय असतं, हे इथल्या बागायतदारांना कुणी सांगायला नको. त्यांचं दुःख खरंच मोठं होतं. तरी पंचनाम्याला माणूस आला तेव्हा त्यांच्याकडे दाखवायला सातबारा होता, घरपट्टीची पावती होती. ज्याच्या घराला नंबरच नाही, त्याचं उडालेलं छप्पर पंचनाम्यात बसवायचं म्हणजे कसोटी. वादळ सगळ्यांवर सारखंच आलं, पण त्यातून उभं राहण्याची वाट कागदातून जात होती.

म्हणून मला दाखल्यांची शिबिरं मोलाची वाटतात. कोकणात कातकरी उत्थान अभियानातून ती झाली. १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या केंद्राच्या पीएम-जनमन योजनेतून ती पुन्हा होऊ लागली. महाराष्ट्रात ही योजना कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींसाठी आहे. एका सकाळी वाडीतल्या समाजमंदिरात टेबलं मांडली जातात. तलाठी, ग्रामसेवक, रेशनकार्डाचं काम पाहणारे, आधारवाला, बँकेचा माणूस, आरोग्यसेविका अशी सगळी मंडळी एका छपराखाली बसतात. एरवी याच कामांसाठी श्रीवर्धनला खेपा माराव्या लागतात, आणि प्रत्येक खेप म्हणजे बुडालेला रोज.

अशाच एका शिबिरात एक मावशी आधारच्या यंत्रासमोर बसल्या होत्या. अंगठा ठेवला, यंत्राने नाकारला. "मावशी, हात धुऊन, पुसून परत ठेवा," मुलगा म्हणाला. त्यांनी धुतला, लुगड्याच्या पदराला पुसला, पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग मधलं बोट. एकेक करून दहाही बोटं झाली. विटा उचलून उचलून बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. कातडी गुळगुळीत, टोकाशी चिरलेली. मावशी दर वेळी बोट आणखी जोराने दाबत होत्या, जणू चूक त्यांचीच होती. पोरगा समजूतदार निघाला. त्याने यंत्र बाजूला सारलं, डोळ्यांचं उपकरण पुढे घेतलं आणि खुर्ची जवळ ओढून त्यांना कुठे पाहायचं ते दाखवलं. नोंद झाली. रांग वाढली म्हणून त्याने त्यांना "नंतर या" सांगितलं असतं, तर ते 'नंतर' पुढच्या पावसाळ्यावर गेलं असतं.

सगळी कामं एका छपराखाली करण्याचा हा मार्ग जगात अन्यत्रही चोखाळला गेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २००४ साली 'प्रोजेक्ट होमलेस कनेक्ट' सुरू झालं. शहरातल्या बेघरांसाठी ओळखपत्र, दवाखाना, चष्मे, निवाऱ्याची चौकशी असं सारं एका दिवशी एकाच ठिकाणी, आणि सोबतीला स्वयंसेवक. पुढे अनेक शहरांनी ते उचललं. पण मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते आपल्याच जिल्ह्यातलं, कर्जतचं काम. डॉ. भरत वाटवाणी यांची 'श्रद्धा' ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणते आणि त्यांच्यावर उपचार करते. मन स्थिरावलं की रुग्णाच्या बोलण्यातून गावाचं, नदीचं, भावाचं नाव हळूहळू वर येतं. मग संस्थेचा माणूस त्याच्यासोबत गाडीत बसून त्याला घरी पोचवतो. या कामासाठी डॉ. वाटवाणींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घर सापडेपर्यंत माणसाला सोडायचं नाही, ही त्या कामाची रीत.

आपल्या शिबिरांना हीच रीत हवी. पहिली गोष्ट वेळेची. जानेवारीत शिबिर ठेवलं तर वाडीत म्हातारी माणसं आणि कुत्री भेटतील. भाताची लावणी आटोपल्यावर आणि दसऱ्याआधी, वाडी भरलेली असताना शिबिर झालं पाहिजे. दुसरी गोष्ट जागेची. पक्क्या घराच्या यादीत नाव आलं, तरी पायाखालची जमीन दुसऱ्याची असेल तर घर बांधायचं कुठे? रेशनकार्ड एका दिवसात मार्गी लागेल, जमिनीचा प्रश्न एका दिवसात सुटत नाही. वनहक्काचे दावे, गावठाणाचा विस्तार यांच्यामागे कुणाला तरी महिनोन् महिने लागावं लागतं. रायगडात सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी वर्षानुवर्षं वाड्यांवर जाऊन तेच केलं आहे.

शिबिराच्या बातमीत किती दाखले वाटले याचा आकडा येतो. मला दुसरी यादी पाहायची आहे: कुणाचं काम अडलं, कशामुळे अडलं, ते कोण पुरं करणार आणि पुन्हा कधी येणार. ही यादी नावानिशी समाजमंदिराच्या भिंतीवर लावावी, वाडीतल्या शिकलेल्या पोरांनी ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि लिहिलेल्या तारखेला तलाठ्याने खरोखर यावं. तो आला, तर सरकार आपलंही आहे यावर वाडीचा विश्वास बसेल.