दुपारीं अडणारी आगगाडी

विजेच्या तारांतील दोष शोधणें हें पकडीपेक्षां न्यायशास्त्राचें काम अधिक आहे, हें माझें मत घरांतील तरुण मंडळींस अद्याप पुरतें मान्य नाहीं. पकड हातीं आली कीं तार कापण्याचा मोह होतो, आणि तार कापली म्हणजे दोषाबरोबर त्याचा पुरावाही जातो. गेल्या वैशाखांत धानोऱ्यास आमच्या घरीं हा वाद लांकडी फळीवरील एका लहानशा आगगाडीवरून झाला. गाडी लहान, वाद मात्र लहान नव्हता.

माझा धाकटा भाऊ रेल्वेच्या सिग्नल खात्यांत नोकरीस होता. पुण्यास असतांना त्यानें कोथरूड येथील जोशी यांचें लघुरेल्वे संग्रहालय पाहिलें. भाऊसाहेब जोशी यांच्या हौसेंतून उभें राहिलेलें हें संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजीं लोकांस खुलें झालें. तेथील गाड्या मूळ वस्तूच्या ८७ व्या हिश्शाच्या आहेत. भाऊ परतला तो वेड घेऊनच, आणि पुढें कांहीं वर्षांत त्यानें आठ फूट लांब व चार फूट रुंद फळीवर स्वतःची रेल्वे रचली. एक खंत मात्र त्याच्या मनांत नेहमीं असे. या मापाच्या दोन रुळांमध्यें १६.५ मिलिमीटर अंतर असतें, कारण युरोपांत बहुतेक ठिकाणीं खऱ्या रुळांतील अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. आमच्या नंदुरबारवरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ मार्गाचें तें १,६७६. त्याचा ८७ वा हिस्सा १९ मिलिमीटरांहून अधिक भरतो. "दादा, आपल्या डब्यांना मीं विलायती जोडा घातला आहे, तो चावतो," असें तो म्हणे.

ज्यांनीं असली गाडी जवळून पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. इंजिनांत बारा व्होल्टची मोटर असते. वीज एका रुळांतून येते, चाकावाटे मोटरींत शिरते व दुसऱ्या रुळांतून परत जाते. उलट्या बाजूनें सोडली कीं इंजिन मागें धांवतें. दोन्ही रूळ मध्येंच कोठें धातूनें जोडले गेले तर वीज मोटरीस वगळून जवळच्या वाटेनें परतते; हेंच शॉर्ट सर्किट. म्हणून येथें प्रत्येक आंसावरील एक चाक विजेपासून अलग ठेवलेलें असतें. खऱ्या रेल्वेंत नेमकें उलट. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थानें १८७२ मध्यें काढलेल्या युक्तीप्रमाणें रुळांतून मंद प्रवाह खेळता ठेवतात. गाडी आली कीं तिचे आंस दोन्ही रूळ जोडतात, पलीकडच्या रिलेस वीज मिळेनाशी होते आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली तरी सिग्नल लालच व्हावा, इतकी ती शहाणी रचना आहे. भाऊ हंसून म्हणे, "नोकरींत जें घडावें म्हणून जन्मभर झटलों, तेंच घरीं घडूं नये म्हणून आतां झटतों."

फळीच्या एका टोंकास त्यानें एक वळसा ठेवला होता. गाडी त्यांत शिरून प्रदक्षिणा घालते आणि आली त्याच मार्गावर तोंड फिरवून बाहेर पडते. कागदावर दोन रेघा काढून पाहिल्यास ध्यानांत येईल कीं अशा वळशांत डावा रूळ फिरून उजव्यास मिळतो, म्हणजे धन टोंक ऋणास भिडतें. यास उपाय असा कीं वळशाच्या दोन्ही तोंडांशीं दोन्ही रूळ बारीक करवतीनें कापून चार फटी ठेवावयाच्या, व वळशास एका उलटसुलट स्विचांतून निराळी वीज द्यावयाची. गाडी वळशांत थांबवून हा स्विच आणि मुख्य दिशा-स्विच असे दोन्ही फिरविले कीं ती सुखानें बाहेर येते. पुण्यास ती अशीच येत असे.

निवृत्तीनंतर दिवाळीच्या सुमारास भाऊ बिऱ्हाड घेऊन धानोऱ्यास आला, फळी माडीवर मांडली, आणि त्याच माघांत गेला.

उन्हाळा लागला आणि गाडी वळशांत अडूं लागली. सकाळीं बाहेर पडे. दुपारीं स्विच फिरवितांच ट्रान्स्फॉर्मर आपोआप बंद होई. गाडी त्याच्याच हाताची होती, अशी समजूत भावजयीनें करून घेतली आणि ती माडीवर येईनाशी झाली. इकडे पुतण्याचें लग्न ठरलें होतें व माडी त्यास हवी होती. तो म्हणाला, "काका, खालच्या सगळ्या तारा एकाच रंगाच्या, नकाशा नाहीं. कापून टाकूं, फळी गोठ्यांत ठेवूं आणि जमेल तेव्हां नव्यानें जोडूं." 'जमेल तेव्हां' याचा अर्थ मीं पस्तीस वर्षें वर्गांत ऐकला आहे. मीं आठ दिवस मागून घेतले.

माझा सहकारी बारा वर्षांचा नातू. त्यानें गॅरेजांतून मोटरसायकलच्या दिशादर्शक दिव्याचा बारा व्होल्टचा बल्ब आणला. तो ट्रान्स्फॉर्मर आणि रूळ यांच्या वाटेंत बसविला कीं शॉर्ट असतांना बल्ब लख्ख पेटतो व तारा तापत नाहींत. इंजिन उचलून ठेवलें, म्हणजे बल्ब पेटला तर दोष रुळांत किंवा तारांत, हें निश्चित. भावानें रुळांचे आठ विभाग पाडले होते. दुपारीं बल्ब पेटलेला असतां चार विभागांच्या तारा सोडल्या, बल्ब तसाच. उरलेल्यांतील दोन सोडल्या, तसाच. मग एक सोडतांच बल्ब विझला. आठ वेळां पाहावें लागेल असें मुलास वाटत होतें, तें तिसऱ्या खेपेस आटोपलें. दोष वळशाचाच.

येथवर गणित, पुढें तर्क. सकाळ आणि दुपार, स्विच सुलट आणि उलट, अशा चार नोंदी मीं पाटीवर लिहावयास सांगितल्या. दोन दिवसांत स्पष्ट झालें कीं बल्ब एकाच मिळणीवर पेटतो: दुपार आणि उलटा स्विच. अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हाच. अग्नि असेल तेथें धूर असतोच असें नाहीं, सर्पणही ओलें असावें लागतें. त्या ओल्या सर्पणास नैयायिक उपाधि म्हणतात. येथें उपाधि ऊन. आमची माडी पत्र्याची. दोन मीटर रूळ वीस अंशांनीं तापला तर अर्ध्या मिलिमीटरहून कांहींसा अधिक लांबतो, आणि करवतीची फट तितकीच असते. फट मिटत होती! स्विच सुलट असतां दोन्हीकडची वीज सारखी, म्हणून बाधा नाहीं. उलटा होतांच धन-ऋण भिडत. अर्थात् मिटलेली फट सुलट स्थितींत जुळणाऱ्या तोंडाशींच असली पाहिजे. चारांपैकीं दोन फटी हात न लावतांच वगळल्या. उरलेल्या दोहोंत जुन्या पंचांगाचें पान सरकवून पाहिलें. एकींतून गेलें, दुसरींत अडलें.

भावाचें काम निर्दोष होतें. त्यानें या पत्र्याखालचा वैशाख पाहिला नव्हता, इतकेंच. खऱ्या रेल्वेंतही असल्या सांध्यांत रुळांच्या टोंकांमध्यें वीज न वाहणारा तुकडा बसवितात. आम्हीं फट थोडी रुंदावून तींत प्लॅस्टिकचा तुकडा चिकटविला व रुळाच्या आकाराचा घांसला. नंतर प्रत्येक तारेस कागदाची चिठ्ठी बांधून तिचें नांव लिहिलें. नकाशा नातवानें काढला, शुद्धलेखन मीं तपासलें.

दुपारीं अडीच वाजतां गाडी वळशांतून बाहेर आली. चाकांचा आवाज खालीं गेला असावा. भावजय जिन्यांत येऊन उभी राहिली व म्हणाली, "भावोजी, भर दुपारीं?" नातवानें स्विच तिच्या हातीं दिला. तिनें गाडी दोन वेळां फिरविली, इंजिनावरची धूळ पदरानें पुसली आणि चहा टाकावयास खालीं गेली.

पुतण्यास माडी मिळाली. फळी आतां ओसरीवर भिंतीस बिजागऱ्यांनीं टांगली आहे. बिजागऱ्या त्यानेंच आणल्या. स्थानकावरचा एक दिवा अजून लागत नाहीं. तो दिवाळीच्या सुटींत पाहूं, असें नातू म्हणतो.